क्विंटोचा आकडा तुटल्याबाबत

जबाब देणारा: खाली सही करणार. वय त्रेपन्न वर्षे. व्यवसाय: शब्दकोश कार्यालयात सहसंपादक. राहणार: टपाल कचेरीमागील इमारत, तिसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताचे घर.

मी समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी माझ्या पत्नीसह राहतो. आम्हांस अपत्य नाही. कोंगा व बोंगो या जातीची जुनी चर्मवाद्ये मात्र आहेत, आणि ती घरातील सर्वांत मोठ्या खोलीत, खिडकीपासून दूर, भिंतीलगत उभी असतात. इमारत बांधणाऱ्याने ही खोली दिवाणखाना म्हणून योजिली होती. पत्नी तिला गोदाम म्हणते. दोन्ही संज्ञा वस्तुस्थितीस धरून आहेत.

जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारांनी 'चर्मवाद्य' याऐवजी 'ढोल' लिहू का, अशी पृच्छा केली. माझी हरकत होती. तडजोड म्हणून यापुढे केवळ 'वाद्य' लिहावे असे ठरले. कोंगा म्हणजे सुमारे कमरेइतक्या उंचीचे, पोटाशी फुगीर व तळाशी निमुळते लाकडी पिंप, ज्याच्या तोंडावर जाड कातडे ताणलेले असते व जे हातांनी वाजवतात. बोंगो ही त्याची परस्परांस जोडलेली दोन धाकटी भावंडे, गुडघ्यांत धरावयाची. कोंगाच्या कुळातील सर्वांत अरुंद व सर्वांत चढ्या आवाजाच्या वाद्यास क्विंटो म्हणतात. माझ्या उजव्या डोळ्यास झालेल्या दुखापतीचा संबंध अशा एका क्विंटोशी आहे.

ज्यांच्याविषयी मला विचारण्यात आले ते माझे मेहुणे, म्हणजे माझ्या पत्नीचे थोरले बंधू होत. पत्नी त्यांना दादा म्हणते, म्हणून मीही म्हणतो. ते एका हॉटेलातील वाद्यवृंदात कोंगा वाजवतात व संगीतशाळेत शिकवतात. जुनी वाद्ये जमवणाऱ्यांचे आमचे एक हौशी मंडळ आहे व ते माझ्याच घरी जमते. त्यातील कोणीही दादांना दाखवल्याविना जुने वाद्य घरात आणत नाही. पिंपावर बोटाच्या पेराने टकटक करून लाकूड कोठे चिरले आहे आणि ती चीर कोणी कोठे सरस भरून लपवली आहे, हे ते सांगतात. मला या व्यसनात त्यांनीच लोटले. आमच्या विवाहानंतर त्यांनी मला एक तडा गेलेला बोंगो भेट दिला. जावयाला कोणी फुटकी वस्तू देते का, म्हणून सासूबाई त्यांच्यावर संतापल्या होत्या. दादांचे म्हणणे असे की, जो मनुष्य हा बोंगो दुरुस्त करील तो बहिणीलाही नीट सांभाळील. मी तो दुरुस्त केला. त्या निकषाचा दुसरा भाग पत्नीस विचारावा.

विचारल्यावरून सांगतो की, या वाद्यांचे कातडे एका लोखंडी कड्याने दाबलेले असते. ते कडे लोखंडी आकड्यांनी खाली खेचलेले असते. आकड्याचे वरचे टोक कड्यावर वाकवलेले असते. खालच्या टोकास आटे असून त्यावर नट बसतो. पान्याने नट फिरवला की कातडे ताणते व स्वर चढतो. मंडळात यासंबंधी एक रीत आहे. पाना ज्याच्या हाती असेल त्याने तो खाली ठेवेपर्यंत, इतरांनी स्वराविषयी अवाक्षर काढावयाचे नाही. ही रीत दादांनीच घातली, कारण त्यापूर्वी प्रत्येक जण 'किंचित वर', 'किंचित खाली' असे ओरडत असे आणि वाजवणे राहून जात असे. तेव्हापासून पाना दादांच्याच हाती आहे, व त्यांच्या हाती असता कोणी बोललेले मला आठवत नाही.

मंडळात अलीकडे काही वेगळे घडत होते काय, असे विचारल्यावरून सांगतो की, होय. दादांनी लावलेली वाद्ये अधिकाधिक चढी लागू लागली होती. मंडळातील दंतवैद्य बोंगो वाजवतात. दादांनी लावून दिलेला बोंगो काखेत मारून ते आमच्या स्नानगृहात जात, आतून कडी लावत आणि तो उतरवून आणत. बोंगोस स्नानगृहात काय प्रयोजन, असे कोणी विचारले नाही. पुढे इतरही जाऊ लागले. तुमच्या मंडळातल्या सगळ्यांना एकदमच पोटाचा त्रास कसा सुरू झाला, असे पत्नीने मला विचारले होते. मी हवामानाचे कारण सांगितले. हवामानाने कातडे खरोखरच ताणते वा सैलावते, त्यामुळे ते विधान सर्वस्वी असत्य नव्हते.

दादा फोन घेईनासे झाले होते. विनोद झाला की ते सर्वांच्या तोंडाकडे पाहून मग हसत. ज्या प्रश्नाचे उत्तर एरवी त्यांनी विस्ताराने दिले असते, त्याला ते हल्ली केवळ मान हलवून होकार देत. बोलत मात्र मोठ्याने. त्यांचा स्वभाव पूर्वीपासून तापट असल्याने ते रागावले आहेत असा सर्वांचा समज होई, आणि तो समज त्यांनी कधी मोडला नाही. या साऱ्याचा एकत्रित अर्थ काय, हे आम्हां प्रत्येकाच्या लक्षात आले होते असे आज वाटते. त्याविषयी आम्ही आपसांत बोललो नाही. ज्यांच्या कानांवर विसंबून आम्ही संग्रह उभे केले, त्यांच्या कानांविषयी चर्चा करणे औचित्याला धरून नव्हते.

घटनेच्या दिवशी, म्हणजे गेल्या रविवारी, दुपारचे जेवण झाल्यावर दादा माझ्याकडे आले. मी नुकताच एक क्विंटो मिळवला होता. तो जहाजावर वाजवणाऱ्या एका वादकाच्या मुलीकडे कपड्यांची टोपली म्हणून वापरात होता. लाकूड निर्दोष होते. कडे व आकडे मूळचेच होते व गंजलेले होते. हे आकडे बदलून घ्या, असे दादांनी मला बजावले होते. मी ते बदलले नाहीत. मूळ लोखंड गेले की वाद्याचे मोल जाते, असे संग्राहक मानतात; माझ्या दृष्टीने तो गंज नसून पुरावा होता. त्या दिवशी दादांनी आकड्यांवरून अंगठा फिरवला, माझ्याकडे पाहिले आणि हात पुढे करून पाना मागितला. खोलीत आम्ही दोघेच होतो. पत्नी स्वयंपाकघरात होती.

भिंतीलगतची इतर वाद्ये लावून झाल्यावर त्यांनी क्विंटो गुडघ्यांत धरला. समोरासमोरचे नट थोडे थोडे फिरवत ते सर्व बाजूंनी कातडे सारखे चढवत गेले. ही त्यांची पद्धत निर्दोष आहे व तीत त्या दिवशीही काही न्यून नव्हते. मग पाना मांडीवर ठेवून त्यांनी एक थाप मारली. तो स्वर मी आजवर ऐकलेल्या कोणत्याही क्विंटोपेक्षा उत्तम होता. मी समाधानाने मागे टेकलो. दादांनी मान तिरकी केली, पुन्हा एक थाप मारली आणि पाना उचलला.

शेजारच्या बाईंनी सांगितलेल्या आरडाओरड्याविषयी विचारल्यावरून सांगतो की, ते खरे आहे. ओरडणारा मी होतो. दादा नट फिरवत राहिले. स्वर चढत, बारीक होत, शेवटी काचेवर नख ओढावे तसा झाला. लाकूड करकरले. मी रीत मोडून म्हणालो, "दादा, पुरे." त्यांनी वर पाहिले नाही. मी पुन्हा म्हणालो. तदनंतर मी सर्व इमारतीस ऐकू जाईल अशा आवाजात ओरडलो, "बास करा, तुटेल." तेव्हा माझी हालचाल जाणवून त्यांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ते थोडेसे ओशाळून हसले व म्हणाले, "अजून बसकाच आहे हो, भाऊजी. उघडतच नाही."

त्यांनी आणखी एक वळसा दिला. मी उठून त्यांचे मनगट धरण्यासाठी वाकलो. त्याच क्षणी एक आकडा वाकवलेल्या जागी तुटला. मोठा आवाज झाला. तुटलेले टोक माझ्या उजव्या डोळ्यावर बसले व मी खाली पडलो. दादांच्या हातून पाना सुटून माझ्या डोक्याशी पडला. त्यावर जे रक्त आढळले ते माझेच आहे, परंतु ते जमिनीवरून लागलेले आहे.

पत्नी धावत आली. तिने स्वयंपाकघरातून केवळ माझे ओरडणे आणि तो आवाज ऐकला होता. तिला दिसले ते असे: मी जमिनीवर, शेजारी पाना, आणि समोर तिचा भाऊ रिकाम्या हातांनी उभा. तिने विचारले, "दादा, पाना फेकलास तू यांच्यावर?" दादांनी मान हलवून होकार दिला. तो होकार त्यांनी प्रश्न ऐकून दिला की न ऐकता, हे मी सांगू शकत नाही. तो त्यांनी पुढे बदलला नाही, एवढे मात्र खरे. रुग्णालयात पोलिसांनी विचारले तेव्हाही, रागाच्या भरात आपण पाना फेकून मारला, असेच त्यांनी सांगितल्याचे मला आज वाचून दाखवण्यात आले.

रुग्णालयात मी डॉक्टरांना एवढेच सांगितले की, काहीतरी लागले. काय लागले, असे विचारल्यावर मी आठवत नसल्याचे सांगितले. हे खरे नव्हते. आज सांगत आहे तेच मला त्या वेळीही आठवत होते.

पत्नीने दादांना माझ्या खाटेजवळ येऊ दिले नाही. दाराशीच तिने त्यांना सांगितले, "आजपासून माझ्या घरी पाऊल टाकू नकोस. मला भाऊ होता, असं मी समजेन." ती हळू बोलत होती. दादा तिच्या ओठांकडे एकटक पाहत होते. ती औषधे आणण्यास गेली तेव्हा ते माझ्यापाशी आले. त्या वेळी आमच्यात जे बोलणे झाले ते सांगण्याची माझी इच्छा नव्हती. हवालदारांनी त्याचा आग्रह धरल्यावरून सांगतो.

ते म्हणाले, "भाऊजी, मी फेकला, असंच राहू द्या."

हे त्यांनी कुजबुजण्याच्या हेतूने सांगितले. परिचारिकेने खोलीच्या दुसऱ्या टोकाहून आवाज कमी ठेवण्यास बजावले. मी ओठ सावकाश हलवून, का, असे विचारले.

"भांडखोर माणसाला लोक चार दिवसांनी परत बोलावतात. बहिऱ्याला वाजवायला कोण बोलावणार? तुम्ही तरी बोलवाल का? खरं सांगा."

बहिणीचे काय, असे मी विचारले. ते म्हणाले, ती रागावली आहे ते बरे आहे. राग त्यांना सोसतो, तिने कीव केलेली सोसणार नाही. मग त्यांनी माझ्या पट्टीकडे पाहिले व डोळ्याचे काय म्हणतात असे विचारले. पट्टी उघडल्यावर कळेल, असे मी सांगितले. जाण्यापूर्वी त्यांनी आणखी एक गोष्ट विचारली.

"मधे कुठे सुरात लागला होता का हो तो क्विंटो?"

मी म्हणालो, लागला होता.

"केव्हा?"

तुम्ही पहिल्यांदा पाना खाली ठेवलात तेव्हा, असे मी सांगितले. हे मला दोनदा सांगावे लागले. ते म्हणाले, "मग लावला होता मी," आणि निघून गेले.

विचारल्यावरून सांगतो की, दादांनी मला कोणतीही धमकी दिली नाही, आमिष दाखवले नाही, वा आमच्यात पूर्वीचे वैर नाही. वाद आहेत. जुन्या वाद्यास नवे कातडे चढवणे हा जीर्णोद्धार की विध्वंस, यावर आमचे एकमत कधीच झालेले नाही. परंतु त्या वादात आजवर कोणी काही फेकलेले नाही.

दादांनी स्वतः गुन्हा कबूल केलेला असता मी विरुद्ध का सांगतो, असे विचारण्यात आले. माझा पहिला विचार त्यांचे म्हणणे मान्य करण्याचा होता. मी घरी आल्यावर त्या खोलीत गेलो. दादांनी लावलेली वाद्ये तेथे होती. एरवी वाजवून झाले की कातडी सैल करून ठेवावयाची असतात. रविवारच्या धांदलीत ते राहून गेले होते. मी एकेकावर बोट टेकवले. प्रत्येक वाद्य मर्यादेपलीकडे ताणलेले होते. संगीतशाळेत दादा शिकवतात तेथेही अशीच वाद्ये आहेत, तीही जुनी, तीही त्यांनीच लावलेली. शिकणारा मनुष्य स्वर नीट ऐकू यावा म्हणून कातड्यावर वाकतो. मला लागला तसा आकडा आणखी कोणाला लागू शकतो, आणि तेव्हाही दादा पाना फेकल्याचेच सांगतील. हे एक कारण. दुसरे कारण असे की, माझी पत्नी रविवारपासून स्वयंपाकघरातील दिवा न लावता बसते. तिला आणखी भाऊ नाही.

हा जबाब तिला ठाऊक नाही. ठाऊक होईल तेव्हा तिचा राग जाईल, आणि त्याच्या जागी जे येईल ते दादांना रागापेक्षा जड जाईल, याची मला पूर्ण जाणीव आहे. दादा मला क्षमा करणार नाहीत असेही मी गृहीत धरले आहे.

दादांना ऐकू येत नाही या विधानास पुरावा काय, असे विचारल्यावरून सांगतो की, लेखी पुरावा नाही. ते कोणत्याही डॉक्टरकडे गेल्याचे मला माहीत नाही. मंडळातील दंतवैद्यांस विचारता येईल; ते प्रथम हवामानाचे कारण सांगतील, परंतु आग्रह धरल्यास खरे बोलतील. आकड्याचे तुटलेले टोक खोलीतील पुस्तकांच्या कपाटाखाली गेलेले मी पडल्या जागेवरून पाहिले होते. ते मी काढलेले नाही. पंचांसमक्ष काढावे. त्याची तुटलेली कड क्विंटोवर राहिलेल्या आकड्याशी जुळवून पाहावी.

वाद्य जप्त करावयाचे असल्यास माझी हरकत नाही. ते उन्हात वा पाण्याजवळ ठेवू नये. त्यावर फायली रचू नयेत. त्याची उंची आसनास अनुकूल भासते, तरी ठाण्यातील कोणीही त्यावर बसू नये. उरलेले आकडे कोणी घट्ट करू नयेत.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. पाना कोणी फेकला नाही. झाली ती इजा गंजलेल्या आकड्याने झाली. तो बदलण्यास मी नकार दिला होता. आणि तो ताणणाऱ्यास तो किती ताणला गेला आहे हे ऐकू येत नव्हते.

वरील मजकूर वाचून दाखवण्यापूर्वी हवालदार दार लोटून घेण्यास उठले, कारण दादांना आज येथे बोलावलेले असून ते दाराबाहेरच्या बाकावर, खोलीकडे पाठ करून बसलेले आहेत. मी हवालदारांना दार उघडेच ठेवण्यास सांगितले. त्यांनी दादांच्या पाठीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि संपूर्ण जबाब उभ्यानेच, खणखणीत आवाजात वाचला. बाकावर दादांच्या दोन्ही बाजूंस बसलेले इसम वळून आमच्याकडे पाहू लागले व शेवटपर्यंत पाहत राहिले. दादा समोरच्या भिंतीकडे पाहत होते. हा भाग माझ्या विनंतीवरून जोडला आहे. लिहिलेले सर्व मी ऐकले. ते मी सांगितले तसेच आहे व खरे आहे.